लढाई कोणाची? : 'आत्मिक युद्धा'च्या ख्रिस्ती कुमार-कादंबरीविषयी

अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी गेल्या चार दशकांत कुमारवयीन वाचकांपर्यंत जे कथात्मक साहित्य पोहोचवले, त्यातला एक ठळक प्रवाह 'आत्मिक युद्धा'च्या कादंबऱ्यांचा आहे. शाळा-कॉलेजात जाणारी मुले, त्यांच्याभोवती अदृश्य रूपाने वावरणारे देवदूत आणि भुते, आणि त्या मुलांच्या आत्म्यावरून या दोन सैन्यांत चाललेला संग्राम, असा या कादंबऱ्यांचा ढोबळ आराखडा असतो. खपाच्या दृष्टीने हे साहित्य मोठे आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ते बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिले. श्रद्धावान वाचक त्याची उपयुक्तता पाहतो, श्रद्धा नसलेला समीक्षक प्रचार म्हणून त्याला बाजूला सारतो, आणि कादंबरी म्हणून ते दोघेही वाचत नाहीत. आम्हांला ते कादंबरी म्हणून वाचावेसे वाटते. पात्राच्या मनात जे चालले आहे ते बाहेरच्या शक्ती चालवीत असतील, तर पात्राच्या वाट्याला काय उरते, हा कादंबरीच्या मुळाशी जाणारा प्रश्न या साहित्याने उभा केला आहे. आणि ते पात्र चौदा-पंधरा वर्षांचे असेल, तर हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. भुते आहेत की नाहीत, हा वाद धर्मशास्त्राचा. तो समीक्षेने आपल्या अंगावर घेऊ नये. समीक्षेने पाहायचे ते एवढेच, की कथेतल्या मुलाचा निर्णय मुलाच्या हाती राहतो की नाही. जिथे तो राहतो तिथे भुताखेतांसह कादंबरी उभी राहते. जिथे तो काढून घेतला जातो तिथे कादंबरी तर ढासळतेच, शिवाय मुलांकडे पाहण्याची एक घातक सवयही वाचकाला लागते.

या साहित्याचा मूळ आधार नव्या करारातील इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय हा आहे. त्याचा आशय असा, की श्रद्धावानाचा झगडा माणसांशी नाही, तर दृष्टीआडच्या दुष्ट सत्तांशी आहे; आणि त्यासाठी त्याने सत्य, नीतिमत्त्व, विश्वास यांची शस्त्रसामग्री अंगावर चढवावी. रोमन शिपायाच्या पोशाखावरून घेतलेले हे रूपक आहे. त्यातला 'शत्रू माणूस नव्हे' हा पहिला भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोरच्या माणसाचा द्वेष करण्याची मुभाच तो काढून घेतो. पुढच्या कथाकारांनी शस्त्रांचे वर्णन उत्साहाने उचलले, हा पहिला भाग मात्र अनेकदा वाटेत गळाला.

या रूपकाची सर्वांत प्रसिद्ध कथा जॉन बनियनने १६७८ साली लिहिली. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे ते पुस्तक. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने ते मराठीत आणले, आणि मराठी कादंबरीचा पूर्वेतिहास सांगताना त्याचा उल्लेख करावाच लागतो. बनियनच्या यात्रिकाला निराशा नावाचा राक्षस आपल्या गढीत कोंडून ठेवतो. त्या कोठडीतून सुटण्याची किल्ली यात्रिकाच्या स्वतःच्या छातीशीच असते. ती आपल्याजवळ आहे याचा त्याला विसर पडलेला असतो. राक्षस बाहेरचा दिसतो खरा, पण कुलूप आणि किल्ली दोन्ही आतली आहेत हे वाचक ओळखतो. रूपककथेचे बळ यातच असते. ती आतले बाहेर मांडून दाखवते, परंतु ते आतले होते हे विसरू देत नाही.

फ्रँक पेरेटी या लेखकाने १९८६ मध्ये 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि या परंपरेला वेगळे वळण मिळाले. ही कादंबरी प्रौढांसाठीची. तथापि या शाखेचा पुढचा साचा तिनेच घालून दिला. अॅश्टन नावाच्या काल्पनिक गावावर कब्जा करू पाहणारी एक संस्था, तिच्या पाठीशी असलेल्या भुतांच्या पलटणी, त्यांच्याशी लढणारे देवदूत, आणि खाली जमिनीवर एक पाळक व एक वृत्तपत्राचा संपादक, असा तिचा विस्तार आहे. पेरेटीचे तंत्र दुमजली आहे. खालच्या मजल्यावर माणसे बोलतात, भांडतात, गुडघे टेकून प्रार्थना करतात. वरच्या मजल्यावर त्याच क्षणी पंख फडफडतात आणि तलवारी चमकतात. माणसांच्या प्रार्थनेने देवदूतांचे बळ वाढते. हे सर्व तो रूपक म्हणून सांगत नाही. गावात घडलेल्या घटनेची बातमी द्यावी तसे सांगतो. बनियनची किल्ली इथे हरवते. भूत माणसाच्या खांद्यावर बसते, त्याच्या कानात विचार घालते, आणि माणूस तो विचार आपलाच समजतो.

संपादकाची मुलगी सँडी हॉगन हिचे उदाहरण पाहावे. ती कॉलेजात जाणारी, वडिलांवर रुष्ट असलेली मुलगी आहे. वडिलांना कामापुढे घर दिसत नाही, ही तिची तक्रार खोटी नाही. पेरेटीने ती प्रामाणिकपणे मांडली आहे. घरात जे मिळत नाही ते शोधत ती मानसशास्त्राच्या वर्गाकडे आणि एका मित्राकडे ओढली जाते, आणि तिथून भुतांच्या जाळ्यात सापडते. बाप-लेकीच्या नात्याची एक चांगली कादंबरी इथे सुरू झालेली आहे. पण वरच्या मजल्यावरची धामधूम वाढते तसतसा सँडीचा राग हा तिचा राग राहत नाही. तो शत्रूने घरात शिरण्यासाठी उघडलेला दरवाजा ठरतो. मग बापाने तिच्याशी बोलण्यापेक्षा तिची सुटका करणे महत्त्वाचे होते. मुलीची तक्रार ऐकून न घेताच निकालात निघाली, हे वेगवान कथानकाच्या भरात वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

या साहित्याची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. मुलांना ही पुस्तके आवडतात ती केवळ भुतांमुळे नव्हे. आपल्या वागण्याला काही अर्थ आहे, आपण रात्री अंथरुणात पुटपुटलेल्या चार शब्दांनी आकाशातल्या युद्धाचे पारडे फिरू शकते, हा विश्वास ही पुस्तके त्यांना देतात. कुमारवयातले मूल घरात लहान आणि शाळेत क्षुल्लक असते. त्याच्याकडे विश्वाच्या घडामोडीत एक जागा आहे असे सांगणारे साहित्य त्याला जवळचे वाटले तर नवल नाही. मुलांच्या एकाकीपणाचे बारकाईने वर्णन करणाऱ्या धर्मनिरपेक्ष कुमार-कादंबरीला हा मान त्यांना नेहमी देता आलेला नाही. या प्रवाहाला हसणाऱ्यांनी एवढे मान्य करूनच पुढे जावे.

आता किंमतीचा विचार. पेरेटीची कादंबरी आली तो काळ अमेरिकेत सैतानपूजेच्या भयगंडाचा होता. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर १९८३ पासून असे आरोप झाले, खटला १९९० पर्यंत चालला, आणि एकही दोषसिद्धी झाली नाही. सैतानपंथीयांच्या संघटित हत्यासत्रांना पुरावा आढळत नाही, असे एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या अहवालात नमूद केले. परंतु भय अहवाल वाचून ओसरत नाही. १९९३ मध्ये आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली आणि तीन किशोरवयीन मुलांना अटक झाली. त्यांतला थोरला डेमियन एकोल्स अठरा वर्षांचा होता. तो काळे कपडे घालतो, कोणती पुस्तके वाचतो, कोणते संगीत ऐकतो, हे सारे न्यायालयात सैतानपूजेची खूण म्हणून मांडले गेले. १९९४ मध्ये त्याला देहदंडाची आणि इतर दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. आपण निर्दोष असल्याचे म्हणणे कायम ठेवून कागदोपत्री दोष मान्य करण्याच्या विशेष तडजोडीने हे तिघे २०११ मध्ये सुटले, तेव्हा त्यांची अठरा वर्षे तुरुंगात गेली होती.

कादंबऱ्यांनी हे घडवले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. आमचा मुद्दा वाचनाच्या रीतीचा आहे. उदास, चिडलेले, एकटे राहणारे मूल दिसले की 'याला काय झाले आहे?' असे विचारण्याऐवजी 'याच्यात काय शिरले आहे?' असे विचारण्याची रीत त्या काळाच्या हवेतच होती. वर्तमानपत्रे, दूरदर्शनवरील चर्चा, मंडळ्यांतील प्रवचने आणि या कादंबऱ्या, सर्वांनी ती कमीअधिक प्रमाणात जोपासली. पहिल्या प्रश्नाला मूल उत्तर देऊ शकते. दुसऱ्या प्रश्नात त्याला बोलण्याची जागाच नसते.

नव्वदच्या दशकात या शाखेत थेट मुलांसाठीही लेखन होत होते. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 'लेफ्ट बिहाइंड' या १९९५ पासूनच्या प्रचंड खपाच्या मालिकेला १९९८ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड : द किड्स' अशी धाकटी मालिका जोडली गेली, आणि २००४ पर्यंत तिची चाळीस छोटी पुस्तके निघाली. श्रद्धावान माणसे एका क्षणी जगातून उचलली जातात आणि शिकागोजवळच्या उपनगरातील चार मुले मागे राहतात. त्यांतला लायनेल वॉशिंग्टन आम्हांला विशेष वाटतो. तो धार्मिक घरातला, मंडळीत वाढलेला मुलगा. सगळी उत्तरे त्याला पाठ आहेत. विश्वास मात्र त्याचा स्वतःचा कधीच नव्हता. सकाळी घर रिकामे सापडते तेव्हा हे त्याला कळते. धार्मिक घरातल्या कोणत्याही मुलाच्या मनातली ही खरी भीती आहे, धर्म कोणताही असो : आपली श्रद्धा उसनी तर नाही?

पण लेखकांना या भीतीत फार काळ थांबवत नाही. मुलांचे निर्णय पहिल्या काही पुस्तकांतच उरकतात. त्यानंतर ख्रिस्तविरोधकाच्या राजवटीतले पाठलाग, लपाछपी, शाळेत गुप्तपणे काढलेले वृत्तपत्र असे साहस मात्र चाळिसाव्या पुस्तकापर्यंत चालू राहते. बाहेरची संकटे वाढत जातात आणि आतले नाट्य संपून गेलेले असते. प्रकटीकरणाच्या पुस्तकातून घेतलेले वेळापत्रक पुढे सरकते, आणि मुले त्यावरची प्रवासी होतात.

या पार्श्वभूमीवर पेरेटीचीच एक कुमार-कादंबरी आम्हांला या प्रवाहातली सर्वांत महत्त्वाची वाटते. कोलंबाइन शाळेतील गोळीबार १९९९ च्या एप्रिलमधला. त्यानंतर २००० मध्ये पेरेटीने 'द वूंडेड स्पिरिट' हे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. जन्मापासूनच्या एका व्याधीमुळे त्याची जीभ सुजलेली असे, चेहरा विरूप दिसे, आणि शाळेतल्या मुलांनी त्यापायी त्याचा अतोनात छळ केला होता. तो छळ आणि तो पाहून गप्प बसणारे मोठे लोक यांविषयी ते पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, त्याची 'हँगमन्स कर्स' ही कुमारांसाठीची कादंबरी आली. एका शाळेत दांडगट खेळाडू मुले एकामागून एक भ्रमिष्ट होऊन कोसळतात. पूर्वी कधी तरी गळफास घेतलेल्या एका मुलाच्या भुताचे नाव घेत ती किंचाळतात. काळे कपडे घालणाऱ्या, वाळीत टाकलेल्या मुलांच्या टोळक्याला वाटते की हे भूत आपल्या शब्दात आहे. एलायजा आणि एलिशा ही जुळी भावंडे आपल्या आईवडिलांसह या प्रकरणाचा छडा लावायला शाळेत दाखल होतात.

आणि छडा लागतो तेव्हा भूत निघत नाही. निघतात ते विषारी कोळी, आणि ते वाढवून सोडणारा, वर्षानुवर्षे छळला गेलेला एक विद्यार्थी. ज्या लेखकाने गावभर भुतांच्या पलटणी उतरवल्या होत्या, त्याने इथे भुताची अफवा सोलून आत माणूस दाखवला. काळ्या कपड्यांतली मुले इथे अपराधी नाहीत. सोपा संशय घ्यायची वाचकाची सवय त्यांच्यावर येऊन अडखळते. वेस्ट मेम्फिसचे तिघे तुरुंगातच असतानाचे हे पुस्तक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिक कळते. पेरेटीने श्रद्धा सोडली असे मुळीच नाही. ही जुळी भावंडे प्रार्थना करतात, देवावर भरवसा ठेवतात. पण दुष्टपणा शाळेच्या व्हरांड्यात राहतो, तो मुलांच्या हसण्यात आणि शिक्षकांच्या कानाडोळ्यात असतो, हे या कादंबरीला ठाऊक आहे. स्वतःच्या जखमेकडे नीट पाहिल्यावर लेखकाला भुतांची गरज कमी पडली, असा आमचा तर्क आहे. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत. चांगल्या-वाईटाचे वाटप ठोकळेबाज आहे आणि कोळ्यांचे रहस्य थोडे ताणलेले आहे. तरीही छळणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला आपण काय निवडले हे विचारण्याची जागा तिच्यात आहे.

ही वाट त्या परंपरेत नवी नव्हती. मॅडलिन लेंगल या श्रद्धाळू ख्रिस्ती लेखिकेची 'अ रिंकल इन टाइम' ही कादंबरी १९६२ सालची. १९६३ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळाले. मेग ही कुमारवयीन मुलगी विश्वावर पसरणाऱ्या काळोखाशी झुंजते आणि त्याच्या तावडीतून आपल्या धाकट्या भावाला सोडवते. या युद्धावर निघताना तिला मिळणारी भेट म्हणजे तिचेच दोष : तिचा राग, तिचा हट्ट, तिची अधीरता. सँडीच्या रागातून शत्रू आत येतो. मेगचा राग तिला शत्रूपुढे उभे ठेवतो. आणि शेवटी राग पुरेसा पडत नाही, तेव्हा भावावरचे प्रेम हेच काळोखाकडे नसलेले शस्त्र आहे हे तिचे तिला उमगते. कोणी देवदूत तिच्या वतीने तलवार चालवीत नाही. काळोखाशी लढणाऱ्यांच्या यादीत येशूबरोबर बुद्ध आणि गांधी यांची नावे घेतल्याबद्दल काही ख्रिस्ती पालकांनी या पुस्तकावर आक्षेप घेतले, आणि अमेरिकेत ग्रंथालयांतून काढण्याची मागणी वारंवार झालेल्या पुस्तकांत ते अनेक वर्षे राहिले. मेगच्या हाती निर्णय ठेवणाऱ्या ख्रिस्ती कादंबरीला ख्रिस्ती घरांतूनच विरोध व्हावा, ही गोष्ट बोलकी आहे.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल, 'आमच्या दृष्टीने दुष्ट आत्मे खरे आहेत. तुम्ही आम्हांला त्यांचे रूपक करायला सांगता, म्हणजे आमची श्रद्धाच सोडायला सांगता.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर त्याच परंपरेतून द्यायला हवे. मत्तयाच्या शुभवर्तमानात अरण्यात सैतान येशूसमोर येतो. तो तिथे खराखुरा आहे. पण तो काय करतो? प्रस्ताव मांडतो, वचने उद्धृत करतो, आमिष दाखवतो. तीन वेळा विचारतो आणि तीन वेळा उत्तर ऐकतो. उत्तर देणाऱ्याची मोकळीक तिथे क्षणभरही ढळत नाही. सी. एस. लुईसच्या १९४२ च्या 'द स्क्रूटेप लेटर्स'मधला वडीलधारा सैतानही पुतण्याला कुजबुजण्याचे धडे देतो. माणसाची संमती ओरबाडून घेता येत नाही, ही त्याची कायमची अडचण आहे. सैतान खरा मानूनही निर्णय माणसाकडे ठेवता येतो. किंबहुना तसा ठेवला तरच 'मोह' या शब्दाला अर्थ राहतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ख्रिस्ती कादंबरीच आहे. हेतू उघड आहे, उपदेश भरपूर आहे. तीन वर्षांपूर्वीच, १८५४ मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या तरुण लेखकाला जुन्या धर्माच्या जागी भुतांची फौज उभी करणे अवघड नव्हते. त्याने विधवांची दुःखे उभी केली. यमुनेला वाटेत भेटतात त्या हाडामांसाच्या स्त्रिया, आणि त्यांच्यावरचा अन्याय माणसांनी केलेला आहे. ज्यांना पदमनजींचे धर्मांतर मान्य नाही अशा वाचकांनाही ही कादंबरी दीडशेहून अधिक वर्षे टाळता आली नाही, ती याच कारणाने. आणि तुकोबांनी रात्रंदिवसाच्या युद्धाविषयी जे म्हटले, त्यातही बाहेरच्या जगाबरोबर स्वतःचे मन प्रतिपक्षात आहे. मनाला त्यांनी निर्दोष ठरवले नाही, आणि म्हणूनच लढाई त्यांची स्वतःची राहिली.

वर्गात हे साहित्य शिकवण्याची वेळ आली, तर आम्ही एक साधी कसोटी सुचवू. कथेतली भुते क्षणभर बाजूला काढावीत आणि पाहावे, की त्या मुलाला अजून काही ठरवायचे शिल्लक आहे का? शिल्लक असेल तर भुते खुशाल परत आणावीत. त्यांनी कथेला खोलीच येईल. काहीच शिल्लक नसेल, तर त्या पुस्तकात मुलगा किंवा मुलगी कधी नव्हतीच. दोन सैन्यांना लढण्यासाठी एक मैदान हवे होते, तेवढेच. कुमारवयातल्या वाचकाला आपण मैदान आहोत असे सांगणारी पुस्तके पुष्कळ मिळतील. तू लढणारा आहेस, आणि समोरचाही तुझ्यासारखाच रक्तमांसाचा आहे, असे सांगणारी थोडी आहेत. ती शोधून त्याच्या हाती देणे हे आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांचे काम आहे.